धारचा उसना पाना

तीस वर्षं मला संशय घेण्याचाच पगार मिळाला. देवासच्या एका कारखान्यात मी हत्यारांच्या स्टोअरच्या खिडकीत बसत असे. कामगारानं आपल्या नंबराचा पितळी बिल्ला द्यायचा, मी तो खिळ्याला अडकवायचा आणि त्याला हवं ते हत्यार द्यायचं. हत्यार परत आलं की बिल्ला परत. ऐकायला सरळ वाटतं. पण तुटलेलं ड्रिल साबूत टोक वर करून परत करणारे होते, दुसऱ्याच्या बिल्ल्यावर पाना नेणारे होते, आणि "साहेब, कालच तर दिला ना तुम्हाला" असं डोळ्यांत डोळे घालून सांगणारे तर रोजचेच. सुरुवातीला मी माणसाच्या तोंडाकडे बघायचो. मग शहाणा झालो आणि हातांकडे बघायला लागलो.

निवृत्त झालो तरी ती खोड गेली नाही. दूधवाला माप भरतो तेव्हा मी अजून वाकून बघतो. मी मूळचा साताऱ्याकडचा, नोकरीसाठी इकडे आलो आणि इथलाच झालो. बायको मात्र देवासचीच, जुन्या मराठी घरातली. ती म्हणते, "माझ्या बाबांनी जावई शोधला होता, तुम्ही फौजदार निघालात."

मला जुन्या मोटारींची हत्यारं गोळा करायचा नाद आहे. मोटारी नव्हेत, तेवढी ऐपतही नाही आणि जागाही नाही. नुसती हाताची हत्यारं. पितळी ग्रीस गन, टायर उचकटायच्या पट्ट्या, इंजिन फिरवून चालू करायचा दांडा, वाल्व्ह घासायची लाकडी काठी, जिच्या टोकाला रबरी वाटी असते आणि जी मिस्त्री दोन तळहातांत रवीसारखी फिरवत. अशा वस्तूवर कुणाचा तरी अंगठा वर्षानुवर्षं एकाच जागी टेकलेला असतो आणि तिथं लोखंड गुळगुळीत झालेलं असतं. तिथं आपला अंगठा ठेवला की मला फार बरं वाटतं. का, ते विचारू नका.

मागच्या खोलीत एक भिंत प्लायवूडनं मढवून घेतलीय. प्रत्येक हत्यार खिळ्यावर, आणि त्याच्या मागे काळ्या रंगात त्याचाच आकार काढलेला. कुठलंही हत्यार हललं तर मागचा काळा आकार उघडा पडतो आणि दारातूनच कळतं. ही सगळी कारखान्याचीच पद्धत. बायकोनं पहिल्यांदा ती भिंत बघितली तेव्हा म्हणाली, "माझं लाटणं राहिलं की हो."

हत्यारं मिळण्याचं माझं मुख्य ठिकाण म्हणजे धामनोदचा एक भंगारवाला. हायवेवरच्या ट्रकांचं सगळं मोडकंतोडकं त्याच्याकडे येतं, आणि त्यात कधी कधी फार जुनी वस्तू सापडते. अर्थात तोही काही साधू नव्हे. मला जुन्याचं वेड आहे हे ओळखल्यावर त्यानं नवे पाने मिठाच्या ओल्या मातीत पुरून माझ्यासाठी 'जुने' तयार करायला सुरुवात केली. मी पाना नाकाशी धरला, बोट फिरवलं. नवा गंज नारिंगी असतो आणि बोटाला लागतो. जुना गंज काळपट असतो आणि लोखंडाला धरून बसतो. मी बोट त्याला दाखवलं. तो हसून म्हणाला, "भिया, आप तो पुलिस में होना था." त्या दिवसापासून आमची दोस्ती झाली, म्हणजे तो मला फसवायचा प्रयत्न करी आणि मी पकडत असे.

त्यानंच मला धारच्या म्हाताऱ्याचा पत्ता दिला. "एक डोकरा है. बाप राजा की मोटरें सुधारता था. पूरी पेटी है उसके पास. मेरे को नहीं देता. आप मराठी हो, आपको शायद दे दे."

मी पुढच्याच आठवड्यात इंदूरला गाडी बदलून धारला पोचलो. गल्लीतलं जुनं पण नीटनेटकं घर होतं. म्हातारे स्वतः ऐंशीच्या पुढचे. जन्मभर मोटारींचे मिस्त्री, आता डोळ्यांत मोतीबिंदू. घरात मुलगा आणि सून. मुलगा पीथमपूरला नोकरीला, त्यामुळे तो मला कधी भेटलाच नाही. मिस्त्रींची मराठी ऐकून मी जरा दबकलोच. "यावे, बसावे. पाणी घ्याल की सरळ चाय?" आमच्या घरी असं आता लग्नपत्रिकेतसुद्धा कुणी लिहीत नाही.

पेटी सागवानी होती, आत कप्पे, आणि प्रत्येक कप्प्यात तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली हत्यारं. मी एक पाना उचलला. त्यावर पाव इंच असा आकडा कोरलेला होता. मी खिशातला व्हर्निअर काढून तोंड मोजलं, तर ते अर्ध्या इंचाहूनही जास्त भरलं. लगेच माझ्या मनात आलं, नकली. आकडा मागाहून ठोकलाय. मी खटकन व्हर्निअर बंद केला, आणि तो आवाज त्यांना बरोबर समजला.

"आकडा चुकीचा वाटला काय?" ते म्हणाले. "तो पान्याच्या तोंडाचा नव्हे, बोल्टाच्या जाडीचा. विलायती मापं तशीच असत. आपण मिलिमीटरवाले दिसता." आणि ते पोट हलेपर्यंत हसले. सून चहा घेऊन आली तर तिलाही सांगितलं. मीही हसलो, पण कान गरम झाले होते.

मी पेटीचं विचारलं. विकायची नाही, असं ते म्हणाले. मग मी उठायला लागलो तसा त्यांनी तोच पाना फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिला. "घेऊन जा. महिनाभर ठेवा, बघा, समजून घ्या. मग आणून द्या."

"पैसे?"

"पैसे कशाचे? मी विकतोय थोडाच."

"मग काही लिहून देऊ का? पावती?"

"छे हो. आपण देवासवाले, मराठी माणूस. कुठं जाणार पळून?"

बसमध्ये मला काही चैन पडेना. बिल्ला नाही, सही नाही, फोन नंबरसुद्धा घेतला नाही, आणि ऐंशी वर्षांचा माणूस अनोळखी माणसाला हत्यार देतो. का? माझ्या खिडकीच्या अनुभवात फुकट काही देणारा माणूस नंतर काहीतरी मागायला यायचाच. मी बायकोला सांगितलं, नातवाला देवासच्या कारखान्यात चिकटवायचं असणार. ती म्हणाली, "त्यांना नातू आहे का?" ते मी विचारलं नव्हतं. पुढच्या खेपेला विचारलं. नव्हता.

असं वर्षभर चाललं. महिन्याला एक वस्तू न्यायची, तेल-पाणी करून परत द्यायची, दुसरी घ्यायची. मी प्रत्येक वस्तूचा नेताना फोटो काढत असे आणि देताना त्यांच्यासमोर पुन्हा एक, म्हणजे उद्या 'माझी वस्तू खराब केली' म्हणायला जागा नको. ते फोटोच्या वेळी शांत बसून राहत. मग वस्तू हातात घेत, डोळ्यांजवळ न नेता अंगठ्यानं चाचपत, आणि "बढिया" म्हणून कप्प्यात ठेवत. वाटे की हा माणूस माझ्यावर लोभ करतोय. आणि मग वाटे, तेच तर त्याला माझ्या मनात भरवायचं असेल. बायको म्हणाली, "म्हाताऱ्यांना बोलायला माणूस हवंय, एवढंच." बायकांना माणसं चांगलीच वाटतात, असं मी तिला सुनावलं. ती म्हणाली, "हो, म्हणून तर तुमच्याशी संसार केला."

पण खरं सांगायचं तर मला ती पेटी हवी होती. फार हवी होती. त्यातही एक वस्तू अशी होती की ती पाहिल्यापासून माझं बाकी सगळं गोळा केलेलं मला फिकं वाटायला लागलं होतं. तो एक वाकडा पाना होता, विळ्यासारखा वळलेला, एका टोकाला कडं, आणि दांडा मधेच पिळून बाजूला काढलेला. कुठल्याही कंपनीचा नव्हे. त्यांच्या वडिलांनी गाडीच्या कमानीच्या, म्हणजे स्प्रिंगच्या, पट्ट्यातून स्वतः घडवला होता. दरबारच्या एका परदेशी मोटारीत पाण्याच्या पंपामागे एक नट होता, तिथं कुणाचाच हात जाईना. प्रत्येक वेळी अर्धं इंजिन उतरवावं लागे. वडिलांनी त्या एका नटासाठी हा पाना केला. ती मोटार कधीच गेली, नटही गेला. जगात या पान्याला आता कुठेच काम नव्हतं. मला तो त्यासाठीच हवा होता.

नवरात्राच्या आधी मी धामनोदला गेलो तेव्हा बोलता बोलता भंगारवाल्याला हे सांगून बसलो. तो बिडी विझवून म्हणाला, "टेढ़ा पाना? कमानी का? अरे भिया, वैसा ही एक मेरे को इंदौर का एक आदमी दिखा के गया. बोला धार से लाया. डोकरा एक के दो बनाता है, समझे आप?"

आता या भंगारवाल्याला मी किती वेळा खोट्यात पकडलं होतं. त्याला स्वतःलाच ती पेटी हवी होती हेही मला ठाऊक होतं. पण जन्मभर जगावर संशय घेणारा मी त्या दिवशी नेमका त्याच्यावर संशय घ्यायला विसरलो. परतीच्या वाटेवर मला सगळं लख्ख दिसायला लागलं. फुकट वस्तू देणं, वर्षभर विश्वास कमावणं, आणि शेवटी नकली पाना गळ्यात मारणं. मला वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त, सांगायला लाज वाटते, बरं वाटलं. कोडं सुटल्यासारखं.

आणि त्याच आठवड्यात मिस्त्रींनी वाकडा पाना माझ्या हातात ठेवला.

"या खेपेला हा न्या," ते म्हणाले. "खंडेनवमीला आपल्या हत्यारांबरोबर याचीही पूजा होऊ द्या. माझ्यानं आता खाली बसवत नाही, आणि मुलाला त्या दिवशीही ड्यूटी असते. दसरा झाला की आणा." त्यांचा आवाज जरा हलला. मी त्यांच्या हातांकडे बघत होतो.

खंडेनवमी आमच्याकडे मोठी असते, म्हणजे बायकोमुळे. तिच्या माहेरी तलवारीची पूजा व्हायची. माझ्याकडे तलवार नाही म्हणून पाने. भिंतीवरची सगळी हत्यारं उतरवून पुसायची, पाटावर मांडायची, हळदकुंकू, झेंडू, नैवेद्य. आणि त्या दिवशी कुठल्याही हत्याराला कामाला लावायचं नाही, हा नियम. कात्रीसुद्धा चालवायची नाही. तिच्या घरी त्या दिवशी भाजीदेखील आदल्या दिवशीच चिरून ठेवत.

सकाळी वाकडा पाना पुसताना मला कड्याच्या आतल्या बाजूला एक उजळ जागा दिसली. कानशीचे ताजे ओरखडे असावेत असं वाटलं. आज विचार करतो तर ते घासून घासून चमकलेलं लोखंड होतं, दुसरं काही नाही. पण त्या क्षणी मला इंदूरचा माणूस आठवला. हा खरा की दुसरा? आणि हा खरा असला तरी परत दिल्यावर उद्या 'हाच तो' म्हणून त्यांनी मला जुळा भाऊ दाखवला, तर मी ओळखणार कसा? ओळखायचा एकच मार्ग मला येत होता.

कारागिरांत एक रीत आहे. आपल्या हत्यारावर पंचानं, म्हणजे टोकदार पोलादी खिळ्यानं, ठिपके मारून खूण करायची, कुणाचे दोन, कुणाचे चार, कुणाचा त्रिकोण. खूण ज्याची त्याचं हत्यार. खिडकीसमोर हातोडीवरून दोघे भांडत आले की मी ठिपके बघून निकाल देत असे आणि त्यावर कुणी अपील करत नसे. आणि दुसऱ्याच्या हत्यारावर आपली खूण मारणं ही कारागिरांत चोरीच. एकदा असं करणाऱ्याला त्याच्याच खात्यातल्या लोकांनी वर्षभर डब्याला बसू दिलं नव्हतं. हे सगळं मला ठाऊक होतं. मी स्वतःला सांगितलं की मी मालकीची खूण करत नाहीय, ओळखीची करतोय.

बायको स्वयंपाकघरात नैवेद्याचं ताट वाढत होती. मी पूजेतलाच पंच आणि पूजेतलीच हातोडी उचलली, दोन्हींवर हळदकुंकू होतं, आणि कड्याच्या आत, वळणाच्या खाली, जिथं कुणी बघणार नाही तिथं तीन ठिपके मारले. कमानीचं लोखंड, कडक. एकेका ठिपक्याला तीन-तीन घाव लागले.

"काय ठोकताय आज?" आतून आवाज आला.

"खिळा वर आलाय पाटाचा."

ती दारात येऊन उभी राहिली. पाटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "आज हत्यार चालवत नाहीत," एवढंच म्हणाली आणि ताट ठेवून गेली. मी हातोडीवरचं पुसलं गेलेलं कुंकू परत लावलं.

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी आपट्याची पानं आणि पाना घेऊन मी धारला गेलो. मिस्त्री बाहेरच्या खोलीत बसले होते, अंगात धुतलेला सदरा, आणि समोर टेबलावर पेटी. ती नव्या कापडात बांधलेली होती, वर कुंकवाचं बोट. सून आज पदर नीट घेऊन उभी होती आणि उगाच हसत होती. मला कळलं. पेटी मला मिळणार होती.

मी सोनं दिलं, पाया पडलो. त्यांनी पाना घेतला आणि नेहमीसारखा अंगठा फिरवायला सुरुवात केली. दांड्यावरून पिळावर, पिळावरून वळणावर. मग अंगठा कड्याच्या आत गेला आणि थांबला. एकदा मागे आला. पुन्हा गेला.

"तीन आहेत ना?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलायला मला बराच वेळ होता. पण तीस वर्षं समोरच्यांना खोटं बोलताना बघितलेल्या माणसाला स्वतः ते जमेना. "हो," मी म्हणालो.

"आपली खूण?"

"कारखान्यातली." मग मी भराभर सांगायला लागलो, इंदूरचा माणूस, धामनोदचा भंगारवाला, एकाचे दोन. बोलता बोलता मलाच ते किती हलकं आहे ते ऐकू यायला लागलं.

ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. "आपण मला पारखत होता हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं," ते म्हणाले. "त्यात काय एवढं? मीही आपल्याला पारखतच होतो. माझ्यामागे मुलगा ही पेटी भंगारात घालेल. त्याला वेळ नाही, दोष देत नाही मी. पण कुणाला द्यावी ते ठरवायचं होतं. म्हणून एक एक वस्तू देऊन बघत होतो, कशी परत येते. अकरा गेल्या, अकराही जशाच्या तशा आल्या. अशी कुणी आणून दिली नव्हती आजवर." त्यांनी पाना माझ्यासमोर धरला. "ही शेवटची होती."

मी म्हणालो, कानस द्या, आत्ता घासून टाकतो, दिसणारसुद्धा नाही.

"घासाल तर माझ्या बाबांचं लोखंड जाईल," ते म्हणाले. "राहू द्या. खूण आपली, तेव्हा हत्यार आपलं. कारागिराच्या घरात याला दुसरा न्याय नाही. न्या."

"मला नको," मी म्हणालो. खरंच नको होता. आयुष्यात पहिल्यांदा मला एखादं हत्यार नको होतं. पण त्यांनी तो माझ्या मांडीवर ठेवला आणि सुनेला सांगितलं, "बेटा, पेटी अंदर रख दो."

सून गोंधळली. तिनं एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं, आणि पेटी उचलून आत नेली. तिला वाटलं असावं की बाबूजींनी पेटी पुढे कधीतरी द्यायचं ठरवलं, आज नुसती सुरुवात केली. मग माझ्या मांडीवरचा पानाही ती आत घेऊन गेली, आणि बाहेर आली ती पिशवीत दसऱ्याचा फराळ भरून, त्यातच पाना फडक्यात गुंडाळून ठेवलेला. मला दारापर्यंत सोडायला आली आणि हळूच म्हणाली, "बधाई हो अंकलजी. ये वाला तो बाबूजी हमको भी हाथ नहीं लगाने देते थे."

मी तिला थँक्यू म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली. मी पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो आणि मला लाज वाटत होती, इतकी की शेजारच्या माणसानं सरकायला सांगितलं तेही मला दोनदा ऐकू आलं नाही. वाटत होतं उतरावं, परत जावं, पाय धरावेत. बायकोला काय सांगायचं याचा विचार करत होतो. घाटाबिल्लोदला बस थांबली आणि माझ्या मनात आलं की सुनेनं पाना आत नेऊन फडक्यात गुंडाळला, तेव्हा मी तिथं नव्हतो. मी पिशवीत हात घातला, फडकं सैल केलं आणि कड्याच्या आत बोट फिरवून बघितलं. तिन्ही ठिपके जागेवर होते.